अपडेट करू नये

"कोणी दाबलं ते बटण?"

सुमेध खोब्रागडेनं दारातूनच विचारलं. पुण्याहून रात्रभर प्रवास करून तो थेट आर्वीच्या विहारात आला होता. खांद्यावरची बॅगही अजून उतरवली नव्हती.

अभ्यासिकेत भन्ते धम्मसार जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मी."

सुमेधनं बॅग खाली ठेवली. दुसरं कोणी असतं तर त्यानं तिथल्या तिथे धारेवर धरलं असतं. पण भन्तेजींना काय बोलणार...

याच अभ्यासिकेत वाचून तो इंजिनियर झाला होता. नोकरी लागल्यावर त्यानं कंपन्यांनी मोडीत काढलेले संगणक इथे आणले आणि सगळ्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली. खिडकीजवळच्या, इथला एकमेव कॅमेरा असलेल्या मोठ्या संगणकावर तर त्याचा विशेष जीव. तिथवर इंटरनेटची तार ओढता येत नव्हती, म्हणून त्याला वायरलेस अडॅप्टर लावला होता. चार अँटेनांचा, दुकानातला सगळ्यांत वेगवान. त्याच्या वरच भिंतीवर सुमेधनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : अपडेट करू नये.

"भन्तेजी, मी तिथं लिहून ठेवलं होतं."

"वाचलं मी. संगणक म्हणत होता, सुरक्षेसाठी बदल हवा. तू म्हणत होतास, बदल नको. मी संगणकाचं ऐकलं."

त्या दिवशी अपडेट झालं, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि अडॅप्टर गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत वाचणाऱ्या मृणाली वासनिकची ऑनलाइन मुलाखत होती. राहण्याजेवणासकट दोन वर्षांचं शिक्षण देणारी फेलोशिप. पोर केस विंचरून, कागद लावून त्या मोठ्या संगणकासमोर बसली, आणि पडद्यावर नेटच नाही. तिनं सुमेधला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, फोन बंद. मग ती मोबाइल घेऊन गच्चीवर धावली. जोडणी लागली तोवर तिची पाळी निघून गेली होती. संस्थेनं कळवलं, पुन्हा संधी देता येणार नाही.

हे ऐकल्यापासून सुमेधच्या डोक्यात जाळ होता. भन्तेजींवर काढता येईना, तेव्हा त्यानं तो सगळा कंपनीवर काढला. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात, लिनक्सवर चालतो म्हणून. लोक विश्वास ठेवतात. एका पोरीचं वर्ष जातं. या लोकांना कोर्टात खेचलं पाहिजे, तो म्हणाला.

"खोटं छापलं होतं?" भन्तेजींनी विचारलं.

"धड खोटंही नाही. तीच तर लबाडी आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं. अडॅप्टर आणि संगणक यांच्यात एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. काहींचा दुभाषा लिनक्सच्या घरातलाच असतो. लिनक्स बदललं की त्याच्याबरोबर तोही बदलतो. काहींचा मात्र बाहेरून आणून बसवावा लागतो. लिनक्स बदललं की त्याला नवी भाषा कळत नाही. कोणीतरी येऊन तो पुन्हा घडवावा लागतो.

"हा बाहेरचा?"

"बाहेरचा."

"हे तुला घेताना ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. घेण्याआधी त्यानं लोकांच्या तक्रारी वाचल्या होत्या. दुकानात शेजारीच बोटाच्या पेराएवढा एक हळू अडॅप्टर होता. दुभाषा घरातला, तक्रार एकही नाही. सुमेधनं तो हातातही घेतला नव्हता. असलं मुळमुळीत यंत्र आपण विहाराला द्यायचं? आणि बिघडलंच काही, तर आपण आहोतच की.

एवढं सगळं तो बोलला नाही. "होतं," म्हणाला आणि संगणकापुढे बसला. नवं लिनक्स काढून आधीचं परत आणलं. बोटं भराभर चालत होती. थोड्याच वेळात चारही अँटेनांच्या मधला हिरवा दिवा लुकलुकला. पान क्षणात उघडलं.

"बघा. यंत्रात काही खोट नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली : अपडेट करायचं?

भन्तेजी उठले. सुमेधच्या हाताखालून त्यांनी माउस हळूच ओढून घेतला आणि 'हो' वर दाबलं.

सुमेध बघतच राहिला. अपडेट उतरलं, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. हिरवा दिवा विझलेला.

"भन्तेजी, मी आत्ताच... काहून केलं तुम्ही हे?"

"परतीची गाडी कितीची आहे तुझी? त्यानंतर हा दिवा कोण लावणार?"

सुमेधच्या मागे मृणाली केव्हा येऊन उभी राहिली होती, त्याला कळलं नव्हतं. तो तिच्याकडे वळला आणि पुन्हा कंपनीबद्दल सांगू लागला. तिनं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असेल दादा," ती म्हणाली. "पण मला त्या दिवशी वेग नव्हता पाहिजे. चालू पाहिजे होतं."

आवाज चढलेला नव्हता. पण रात्रभर सुमेधनं जो राग कवटाळून आणला होता, त्यापेक्षा तिचा राग खरा होता, आणि तो कंपनीवर नव्हता.

त्या दिवशी सुमेधनं गाडी सोडून दिली. वर्ध्याला जाऊन तो दुकानं फिरला. दुकानदार डबे पुढे करायचे, तो आतली चिप विचारायचा, कारण दुभाषा घरातला की बाहेरचा ते तिच्यावर ठरतं. एकाच नावाच्या डब्यात कधी एक चिप, कधी दुसरी, आणि बाहेर कुठं लिहिलेलं नाही. दुकानदार वैतागले. तुम्हाला घ्यायचाय की परीक्षा घ्यायचीय, एकानं विचारलं. शेवटी एकानं डबा फोडू दिला. सुमेधनं लिनक्सवाल्या स्वतःच्या लॅपटॉपला अडॅप्टर जोडला. बाहेरून काहीही न बसवता नेट लागलं. हळू, पण लागलं. तोच बोटाच्या पेराएवढा.

सकाळी विहारातल्या संगणकाला तो जोडला आणि अपडेटचं बटण या वेळी त्यानं स्वतः दाबलं. संगणक बंद झाला, सुरू झाला. नेट होतं.

मृणाली बाजूच्या बाकावर वाचत होती. आपली चूक झाली, असं सुमेधनं तिला सांगितलं. पुढच्या वर्षी अर्ज भरशील ना, हेही विचारलं.

"भरीन," ती म्हणाली. "पण मुलाखत इथं नाही देणार."

बॅग उचलून सुमेध भन्तेजींच्या पाया पडला.

"पुढच्या महिन्यात ये," भन्तेजी म्हणाले.

सुमेध थांबला. मनात कुठंतरी सलत होतं, ते बाहेर आलं.

"कशाला भन्तेजी? आता तर इथं माझी गरजच उरली नाही."

"म्हणून तर ये म्हणतो."