केरबानं फायकस सांभाळलं

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव केरबा. भोळा म्हणजे असा, की सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, आणि एवढ्यावरून सगळं गाव त्याला वेडा म्हणायचं. गावातली शहाणी माणसं सांगितलेलं काम करतच नसत, त्यामुळे त्यांची चूक कधी सापडत नसे.

एकदा त्याची बायको हौसा धुणं घेऊन नदीवर निघाली. जाताना म्हणाली, "दाराला कडी घाला. कुणी बी आलं तरी उघडू नका."

केरबानं कडी घातली. हौसा परत आली. तिनं दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी हाय."

"हौसानं सांगितलंय, कुणी बी आलं तरी उघडायचं न्हाई."

"अवो, मीच हौसा."

"मग तुला तर ठावंच असंल."

दिवस मावळेपर्यंत हौसा ओल्या धुण्याची बुट्टी घेऊन दारात उभी राहिली. मग बुट्टीसकट माहेरी निघून गेली. माहेर शेजारच्याच गावात होतं.

केरबाला तिच्याशिवाय करमेना. भाकरी घशाखाली उतरेना. शेवटी टोपी नीट करून तो सासुरवाडीला गेला आणि घराच्या पुढच्या सोप्यात मान खाली घालून बसला.

सोप्यात कोपऱ्याला एक झाड होतं. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत, छातीएवढं उंच, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. हौसाच्या भावानं ते शहरातून पाठवलं होतं आणि त्याचं नाव फायकस आहे असं कळवलं होतं. बाहेर वड, पिंपळ, उंबर अशी त्याची सगळी भावकी उन्हातान्हात उभी होती. तिला कोणी तांब्याभर पाणी विचारत नव्हतं. पण हे नाव सांगून आलेलं झाड. त्याला घरात जागा, कोमट पाणी आणि रोज अंगपुसणी.

ही अंगपुसणी सासूबाई चंद्राबाई करायच्या, आणि त्यांना तिचा मनापासून कंटाळा आला होता. पोरीलाही परत पाठवायची त्यांची इच्छा नव्हती, कारण घरातलं निम्मं काम तीच करत होती. चंद्राबाईंनी झाडाकडं पाहिलं. मग जावयाकडं पाहिलं.

"जावईबापू, हे झाड घिऊन जावा. दसऱ्यापातूर जगवून दाखवलंत, तर पोरगी पाठवते. मेलं, तर पुन्हा या दारात यायचं न्हाई."

"काय करायचं असतं मामी त्याला?"

"पाणी उगंच ओतायचं न्हाई. मुळं कुजत्यात. बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तर पाणी द्यायचं, वलं लागलं तर न्हाई."

"ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि त्यानं ठेवलं. त्याच्या ध्यानात सगळं राहायचं, तीच तर खरी पंचाईत होती.

झाड घरी आलं. पाठोपाठ केरबाची गंगूआत्या आली. भाच्याला दोन घास करून घालावेत म्हणून म्हातारी भर उन्हात चालत आली होती.

"केरबा, पाणी दे बाबा आधी."

"आत्या, आ कर."

आत्याला वाटलं, पोरगा गुळाचा खडा घालतोय. तिनं आ केला. केरबानं आत बोट घालून नीट चाचपलं.

"वलं हाय," तो म्हणाला. "आज पाणी न्हाई. मुळं कुजतील."

आत्या शेजारी जाऊन पाणी प्याली आणि झालेला प्रकार तिथं सांगून आली. शेजारणीनं तो पुढं नेला. चंद्राबाई दर आठवड्याला बाजाराला यायच्या आणि झाड मेलं का ते बघून जायच्या. त्यांच्याही कानावर गेलं.

"अवो, माणसाच्या तोंडात बोट घालत्यात व्हय? पाणी पायजे का म्हणून इचारायचं. हां म्हणलं तर द्यायचं."

"ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी केरबानं तांब्या भरला आणि फायकसापुढं मांडी घातली.

"पाणी पायजे का?"

फायकस काही बोललं नाही. केरबा थांबला. पाहुणं नवं आहे, लाजत असेल. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, मग जरा मायेनं. पुढच्या बाजारापर्यंत तो रोज विचारत राहिला आणि रोज भरला तांब्या परत नेत राहिला. पानं पिवळी पडली आणि खाली गळू लागली.

गंगूआत्या हे चुलीपाशी बसून बघत होती. तिला आपल्या घरी जायचं होतं, आणि हौसा आल्याशिवाय तिची सुटका नव्हती. केरबा सकाळी शेतावर गेला की ती तांदळाचं धुवण गुपचूप कुंडीत ओतू लागली. झाड जगलं ते असं. पुढं गावात जेव्हा जेव्हा या झाडाच्या निगराणीची तारीफ झाली, तेव्हा धुवणाचं नाव कोणी घेतलं नाही.

बाजाराच्या दिवशी चंद्राबाई आल्या. जमिनीवर पानांचा सडा बघून त्यांना बरं वाटलं. तरी उपदेश केल्याशिवाय त्यांच्यानं राहवेना.

"जागा बदलली की ह्याची पानं गळत्यात. उगंच हिकडं तिकडं हलवायचं न्हाई. हाय तिथंच ऱ्हाऊ द्यायचं. आपसूक रुळतंय."

"ध्यानात ठेवतो."

दोन दिवसांनी गंगूआत्या परसात शेवाळावरून घसरली आणि बसली ती बसलीच.

"केरबा, उचल रं मला."

केरबा धावत आला. त्यानं आत्याला सगळ्या बाजूंनी बघितलं.

"न्हाई आत्या. जागा बदलली की तरास हुतो. हितंच ऱ्हा. थोडं केस गळतील, पण रुळशील."

आणि वर ऊन लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर सूप धरून उभा राहिला. माया नव्हती असं कोणी म्हणू नये. शेवटी शेजारच्यांनी म्हातारीला उचलून आत आणलं. चंद्राबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पडलेल्याला आधी उचलावं. बाजेवर निजवावं, पांघरूण घालावं, हळद घालून गरम दूध द्यावं. एवढं बी कळंना व्हय?"

"ध्यानात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात वारा सुटला आणि खिडकीतून आलेल्या झोतानं फायकस कुंडीसकट आडवं झालं. केरबानं ते लगेच उचललं. बाजेवर निजवलं, गळ्यापर्यंत वाकळ ओढली आणि वाटीभर हळदीचं दूध बुंध्याशी घातलं. बाज आत्याची होती, तिला खाली झोपावं लागलं. सकाळी बाजेवर मुंग्यांची रांग लागली होती. आत्यानं कुंडी उभी केली आणि त्या दिवशी धुवण जरा जास्त ओतलं.

तर असा दसरा आला.

चंद्राबाई निकाल लावायला आल्या. सोबत एक जुनी पिशवी होती, रिकामी कुंडी परत न्यायला. बघतात तो फायकसाला नवी पोपटी पालवी फुटलेली, आणि झाड वीतभर वाढलेलं. चंद्राबाईंचं तोंड उतरलं. पण शब्द दिलेला होता, आणि तो एव्हाना चार माणसांत झाला होता.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "घिऊन जावा हौसाला." आणि जाता जाता काहीतरी चूक काढायची म्हणून म्हणाल्या, "ह्याला आता कुंडी पुरत न्हाई. मोठ्या कुंडीत लावा. पर नुसतं उपटू नका. मुळाभवतीची मूळची माती सगळी संगट आली पायजे. न्हाईतर नव्या जागी रुजत न्हाई."

केरबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नात हौसा नुसतीच आली होती. पाटावरून उठवली आणि गाडीत बसवली. मूळची माती कोणी आणलीच नव्हती. मग ती रुजणार कशी? बिचारीची काय चूक? त्याला तिची फार दया आली.

"ध्यानात ठेवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला पोचला तेव्हा त्याच्या खांद्यावर कुदळ होती आणि डोक्यावर घमेलं. अंगणात तुळशीपाशी बायका जमल्या होत्या, चंद्राबाई हौसाची ओटी भरत होत्या. सासरे दत्तोबा गाडीला बैल जुंपत होते.

"मामा," केरबानं हळूच विचारलं, "हौसाची नाळ कुठं पुरलीया?"

दत्तोबांचे डोळे भरून आले. कुठला जावई असं विचारतो?

"मधल्या मेढीच्या बुडाशी, जावईबापू. म्या सवता पुरली. सगळं घर त्या एका खांबावर उभं हाय बघा."

केरबा आत गेला. मेढीच्या बुडाशी त्यानं गोल आखला. मुळाला धक्का लागू नये म्हणून गोल चांगला ऐसपैस घेतला, आणि खणू लागला. काम तो नेहमीच मन लावून करायचा. मेढ जरा हलली तेव्हा त्यानं घमेलं भरून उचललं आणि माती सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत अंगणात आला.

त्याच्यामागं घर बसलं. आधी आढं गेलं, मग कौलं, मग मातीच्या भिंती एकीवर एक. सगळी माणसं अंगणात होती म्हणून वाचली. बराच वेळ कोणाला धुळीत कोणी दिसेना.

"हे काय केलंत?" हौसानं विचारलं.

"तुझी माती आणली," केरबा म्हणाला. "मागल्या टायमाला ऱ्हाऊन गेली हुती."

हौसानं घमेल्यात पाहिलं. मग त्याच्या धुळीनं माखलेल्या तोंडाकडं पाहिलं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, कारण आजवर तिच्यासाठी कोणी एवढं खणलं नव्हतं. ती गुपचूप गाडीत जाऊन बसली.

गाडीत मागं माती होती. मातीच्या मागं दत्तोबा होते, आणि त्यांच्या मागं, दोन्ही हातांनी एक वाचलेलं पातेलं धरून, चंद्राबाई होत्या. त्यांना जायला दुसरी जागा उरली नव्हती. गंगूआत्यानं ही वरात दारात बघितली, गाठोडं उचललं आणि कोणाला काही न विचारता आपल्या गावची वाट धरली.

चंद्राबाई केरबाच्या सोप्यात आल्या आणि फायकसाशेजारी भिंतीला टेकून रडू लागल्या. हौसा त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. केरबानं तिला हातानं थांबवलं. पुढं होऊन त्यानं सासूबाईंच्या गालाला बोट लावलं आणि नीट बघितलं.

"वलं हाय," तो म्हणाला. "आज पाणी नको. आन् आता ह्यास्नी हितनं अजाबात हलवू नगंस. रुजतील."