किल्लीवरचा हात

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकदा एका वृद्ध मेस्त्रीच्या गॅरेजात त्याची शिष्या अक्षरशः धावत आली. मेस्त्रींचे नाव बाबालाल मुल्लाणी. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षे इंजिनांच्या सहवासात काढलेली. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. शिष्येचे नाव संयोगिता. ती एका फाउंड्रीत अभियंता होती आणि गेली सहा वर्षे दर रविवारी चाचांच्या हाताखाली इंजिन उघडायला नि पुन्हा बसवायला शिकत होती. या सगळ्या खटाटोपामागे तिची एकच आकांक्षा होती: स्वतःची टर्बो इंजिनाची स्पोर्ट्स कार. नवी परवडणारी नव्हती. जुनीच घ्यायची, पण अशी की पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे.

"चाचा, सापडली!" धापा टाकत ती म्हणाली. "लाल, दोन दारांची. फक्त एक्केचाळीस हजार किलोमीटर! आत्ता चला. कुणीतरी उचलायच्या आत."

चाचांनी हात पुसले, टोपी घातली आणि निघाले.

गाडी खरोखरच देखणी होती. तिचा मालक विश्वेश हा हॉटेल व्यावसायिक; तिशीतला, हसतमुख, बोलका. "एक ओरखडा दाखवा, गाडी फुकट देतो," तो म्हणाला. संयोगिताचे भान हरपले. ती गाडीभोवती दोनदा फिरली आणि दार उघडून बसलीसुद्धा. चाचा नावापुरत्या असलेल्या मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून कसेबसे मावले. जाताना गाडी संयोगिताने चालवली. हमरस्त्यावर टर्बो जागा झाला, शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि गाडी अशी सुटली की संयोगिता लहान मुलीसारखी ओरडली.

"येताना मालकांनी चालवावी," चाचा मागून म्हणाले.

विश्वेशने तर गाडी उडवलीच. परतल्यावर फाटकातून सुसाट आत घेतली, थांबता थांबता इंजिनाला एक शेवटची गर्जना करायला लावली आणि त्याच क्षणी किल्ली फिरवून बंद केली. "काय? कशी आहे?" त्याने विचारले.

चाचा मुश्किलीने बाहेर आले. "गाडी छान हाय साहेब. येतो आम्ही."

संयोगिताला काही कळेना. रस्त्यावर येताच तिचा बांध फुटला. "चाचा, तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत! ऑइल बघितलं नाही, प्लग काढला नाही. अन् सरळ येतो म्हणालात?"

"उघडायची गरज पडली न्हाई."

"का? कारण तरी सांगा!"

चाचा टोपी सारखी करून चालू लागले. तशी ती अधिकच पेटली. सहा वर्षे रविवार दिले, हात काळे केले, ते काय एका 'येतो'साठी? तुम्हाला आता नव्या गाड्यांतलं कळत नाही, असेही ती बोलून गेली. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

चाचा एवढेच म्हणाले, "पैसा तुझा, हौस तुझी. उद्या माझ्याबरोबर जयसिंगपूरला चल. एक गाडी बघू. मग लाल घ्यायची तर खुशाल घे."

जयसिंगपूरची गाडी निळी होती. म्हणजे एके काळी असावी. छपराचा रंग उन्हाने उडाला होता, चालकाच्या सीटची कड झिजून फाटली होती आणि आत औषधांचा उग्र वास भरून राहिला होता. तिचे मालक डॉ. पायगोंडा मगदूम हे जनावरांचे डॉक्टर. चौदा वर्षे या गाडीने ते बेळगावपासून सोलापूरपर्यंत गोठे आणि डेअऱ्या फिरले होते. संयोगिताने आत डोकावून आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. एक लाख ब्याण्णव हजार किलोमीटर.

"गुडघे गेले माझे," डॉक्टर हसत म्हणाले. "आत बसता येतं, पण बाहेर काढायला बायको लागते. नाहीतर विकली नसती. पुण्याचे एक गृहस्थ संध्याकाळी यायचे आहेत. तुम्ही आधी आलात, तुम्ही आधी बघा. तिसऱ्या गिअरला थोडी कुरकुर आहे, एसी दुपारी दमतो. आणि डावी काच हाताने धरून वर करावी लागते."

संयोगिताने मनात लाल गाडीला कौल दिला आणि केवळ चाचांचा मान राखायचा म्हणून चाक हातात घेतले. इंजिन थंड होते. सवयीने तिने पहिले चार किलोमीटर गाडी हळूच नेली. इंजिन तापून काटा वर यायची वाट पाहिली. मग सांगली रस्त्यावर मोकळा पट्टा मिळाला आणि तिने पाय दाबला.

क्षणभर काहीच झाले नाही. आणि मग ती झिजलेली, औषधांचा वास येणारी गाडी अशी काही झेपावली की संयोगिताची पाठ सीटला चिकटली. दोन्ही बाजूंचा ऊस हिरव्या भिंतीसारखा मागे धावू लागला. इंजिनात कुठेही खरखर नव्हती. एकसंध, गोल, गडद आवाज. "चाचा!" ती ओरडली. मागे चाचा एका हाताने टोपी सांभाळत चक्क हसत होते. "ऐकतोय!" ते म्हणाले. "रस्त्याकडं बघ!"

"येताना डॉक्टरांनी चालवावी," थोड्या वेळाने चाचा म्हणाले.

पासष्टीचे डॉक्टर चालवायला बसले आणि संयोगिताला कळले की हा माणूस गाडी केवळ गोठे गाठण्यासाठी वापरत नव्हता. वळणावर गिअर उतरवताना त्यांचे डोळे पोरासारखे चमकत होते. घराजवळ आल्यावर मात्र त्यांनी वेग उतरवला, गाडी अंगणात अलगद उभी केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इंजिन चालूच होते.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी राजमतीकाकू फोन घेऊन दारात आल्या. "अहो, पुण्याचे साहेब! जास्त पैसे देतो म्हणतात. आत्ताच्या आत्ता हो किंवा नाही सांगा म्हणतात. उतरा लवकर!"

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. "थांब जरा. हिला दम खाऊ दे."

"ते फोन ठेवतील!"

"ठेवू देत. परत करतील."

काकू फोन हातात धरून उभ्या राहिल्या. इंजिन मंद स्वरात घुमत राहिले. संयोगिताला ती एक-दोन मिनिटे तासासारखी वाटली. मग डॉक्टरांनी किल्ली फिरवली, काकूंच्या खांद्याचा आधार घेत उतरले, शांतपणे फोन घेतला आणि बोलत अंगणाच्या टोकाला गेले.

चाचांनी संयोगिताचा खांदा दाबला. "घे ही."

"पण चाचा, बॉनेट…"

"आता उघड. आता बघण्यात अर्थ हाय."

तिने बॉनेट उघडले. टॉर्च लावून अर्धा तास पाहिले. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोषांखेरीज एका रबरी नळीवर तेलाचा पुसट ओलावा होता, तेवढेच. हवेची नळी काढून टर्बोचे चाक तिने बोटाने फिरवून पाहिले. ते सहज फिरले. कुठे सैल नाही, कुठे घासत नाही. ती थक्क झाली. "दोन लाखांच्या जवळ आलेला टर्बो असा कसा राहिला?"

तेव्हा चाचा बोलले. "बाई, टर्बो म्हंजे काय? धुराच्या जोरावर फिरणारी भिंगरी. मिनिटाला लाख-लाख फेरे. तापून लाल होती. तिचा जीव तेलावर. गाडी दामटून आणलीस आन् आल्या आल्या इंजिन बंद केलंस, की तेल थांबतं. भिंगरी मात्र गरमच असती. मग तेच तेल जळतं, त्याची काजळी धरती आन् तीच भिंगरीला खाती. कालच्या पोराला गाडी पळवायला येत हुती, थांबवायला येत न्हवती. त्याचे एक्केचाळीस हजार मला जास्त वाटले. हितं फोनवर पैसा ओरडत हुता, तरी या माणसाचा हात किल्लीवर गेला न्हाई. चौदा वर्सं रोज असंच केलं असंल. आकडा कितीबी असू दे, मी मालकाचा हात बघतो. तो दाखवायला म्हनून बदलता येत न्हाई."

डॉक्टर परत आले, मागोमाग काकू चहा घेऊन. पुण्याहून जास्त रक्कम आली होती. तिच्याकडे तेवढी नव्हती.

"त्यांना नाही सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी मला एवढंच विचारलं की जास्तीत जास्त किती पळते. तुम्ही मघाशी चार किलोमीटर तिला तापू दिलंत. मी शेजारी बसून बघत होतो. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

संयोगिताने चाचांकडे पाहिले. चाचा घाईघाईने चहाकडे वळले.

दुपारी निळी गाडी कोल्हापूरकडे निघाली. डॉक्टर फाटकापाशी उभे राहून हात हलवत होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत गेले नाहीत, असे राजमतीकाकूंनी नंतर फोनवर सांगितले. रस्त्यात चाचा, आता पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले, दर मोकळ्या पट्ट्यावर म्हणत, "दाब की! काय बघतीस?" आणि संयोगिता दाबत होती, हसत होती, पुन्हा दाबत होती. डावी काच मध्येच खाली घसरली तेव्हा चाचांनी ती एका हाताने धरून ठेवली आणि तरीही "दाब!" म्हणाले.

गॅरेजसमोर गाडी थांबली. संयोगिताने इंजिन बंद केले नाही. दोघेही त्या मंद घुमण्यात बसून राहिले. सगळा दिवसभराचा जल्लोष हळूहळू तिच्या अंगातून उतरत गेला.

"चाचा," ती म्हणाली, "काल मी फार बोलले. आणि तुम्ही कारणसुद्धा सांगितलं नाहीत."

चाचांनी इंजिनाचा आवाज क्षणभर ऐकला.

"काल गरम हुतीस," ते म्हणाले.