दोनशे हात सरळ

बोरपेठेला अजून कोणी पेठ म्हणत नव्हतं, नुसतं बोरगाव म्हणत, त्या काळची ही गोष्ट. बंदराकडून येणारे बैलांचे तांडे गावाच्या कडेनं जात, नदीवर पाणी पीत आणि पुढं निघून जात. गावाला त्यांच्याकडून मिळायची ती धूळ. त्या गावात गोजरा नावाची एक कुंभारीण राहत होती. तिचं मडकं इतकं पातळ असे, की आत हिंदकळणारं पाणी बाहेरून दिसे, असं म्हणतात.

गोजराचं घर गल्लीच्या बरोबर मध्यावर होतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. घरात होतं ते चाक. त्या चाकाचा खुंटा तिच्या सासऱ्याच्या आज्यानं जमिनीत रोवला होता, आणि कुंभारांची अशी समजूत होती, की रोवलेला खुंटा उपटला तर चाक पुन्हा तसं फिरत नाही. एकदा पुरात सगळं गाव टेकडीवर गेलं, तेव्हाही गोजरा चाकापाशी बसून राहिली होती. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तिच्याकडे बघितलं आणि परत फिरलं, असं म्हणतात.

पुढं एका वर्षी वरच्या मुलखात दुष्काळ पडला. तिथले साळी, म्हणजे कापड विणणारे लोक, बिऱ्हाडं गाड्यांवर घालून नवं गाव शोधत निघाले. बोरगावचे शेटे, म्हणजे गावच्या व्यापाराचे प्रमुख, होते नागोजी. माणूस दूरचं बघणारा. ते म्हणाले, "साळी आले की कापड येईल. कापड आलं की तांडे थांबतील. तांडे थांबले की लोहार, रंगारी, तेली आपल्या पायांनी येतील." त्यांनी साळ्यांना बारा वर्षांची करमाफी कबूल केली. वेशीवर दगडी कमान उभारली आणि तिच्यावर दोन हत्ती कोरवून घेतले. पाथरवटानं जन्मात हत्ती पाहिला नव्हता, त्यामुळे ते जरा म्हशींकडे झुकले होते. पण कमान मोठी होती.

साळ्यांची चाळीस कुटुंबं आली. गावानं त्यांना तीन दिवस पुरणपोळी घातली, रोज कमान दाखवली. तिसऱ्या दिवशी गोजरा गाढवावर मडकी लादून त्यांच्या तळावर गेली, आणि परतताना सरळ शेट्यांच्या ओट्याशी थांबली.

"शेटे, हे लोक जाणार."

"कशावरून? आत्ताच पोटभर जेवलेत."

"रांजण कोणीच घेईना. राहणारं माणूस आधी रांजण घेतं. ह्यांनी गाडीला टांगायची मडकी घेतली."

"तू मडक्यांवरून माणसं ओळखतेस?"

"तुम्ही पागोट्यावरून ओळखता, त्यातलंच."

शेटे हसले. गोजरा तशीच तळावर परत गेली. साळ्यांमध्ये लिंबाई नावाची एक म्हातारी होती, सगळे तिचं ऐकत. गोजरा तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, तुम्हांला इथं काय कमी पडतंय?"

सगळ्या गावात हे विचारणारं पहिलं माणूस गोजरा होती. बाकी सगळे काय काय देणार तेच सांगत होते.

लिंबाई म्हणाली, "बाई, सूत मागावर चढवायच्या आधी, ते तुटू नये म्हणून, त्याला पेज पाजावी लागते. भल्या सकाळी उघड्यावर लांब ताणून, ऊन चढायच्या आत. चाळीस घरांना दोनशे हात सरळ जागा पाहिजे, वर सावली पाहिजे, खाली धूळ नको. आणि तुमची गल्ली म्हणजे बैल चालता चालता मुतलाय."

"मग शेट्यांना सांगितलं का नाही?"

"त्यांनी हत्ती दाखवले. पाहुण्यानं हत्तीला काय म्हणावं?"

गोजरा एवढी हसली, की तळावरची कुत्री उठून उभी राहिली.

गोजरानं हे शेट्यांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्ली सरळ आखायला लिंबाईच्या सुताचा धागा मारुतीच्या देवळापासून नदीपर्यंत धरला गेला. अख्खं गाव जमलं. धागा पहिल्यांदा शेट्यांच्याच ओट्याला लागला. शेटे म्हणाले, "जरा पलीकडे घ्या." पलीकडे सोनाराची पडवी होती. सोनार म्हणाला, "हातभर खाली घ्या." खाली तेल्याचा गोठा होता. तेल्यानं धागा वर सरकवला. कोणी खुंटी ठोकली, कोणी दगड लावला. दुपार झाली तेव्हा कोणाच्याही घराला न दुखवता धागा नदीला पोहोचला होता, आणि तो हुबेहूब गल्लीसारखा वाकडा होता.

साळी बैल जुंपायला लागले.

तेव्हा गोजरा पुढं झाली. तिनं एकेक खुंटी उपटली, एकेक दगड पायानं बाजूला केला आणि धागा ओढून ताठ केला. धागा पाच ओट्यांना घासून गेला आणि मधोमध गोजराच्या दारातून आत शिरला. चाकावरून गेला आणि मागच्या भिंतीशी अडला.

गोजरा आत गेली, चाकापाशी बसली. चाकाला एक हलका हात दिला. ते फिरून आपोआप थांबेपर्यंत ती बघत राहिली. बाहेर बैल जुंपून उभे होते आणि गाव उंबऱ्याबाहेर जमलं होतं. त्या एका फेऱ्यात बाहेरच्यांना घटका गेल्यासारखी वाटली, असं म्हणतात.

मग तिनं स्वतःच्या हातांनी खुंटा उपटला आणि पहार घेऊन मागच्या भिंतीवर पहिला घाव घातला.

"गोजरे, थांब," शेटे म्हणाले. "तू राहशील कुठं?"

"नाल्यापलीकडे. तुम्ही आधी ओटा काढा, शेटे. माझ्या घराची काळजी सवडीनं करा."

शेट्यांनी पागोटं काढून ठेवलं आणि पहार हातात घेतली. मग सोनार आला, तेली आला, साळ्यांनी बैल सोडले. त्या दिवशी सूर्य टेकडीवर दोन घटका जास्त थांबला आणि काम पुरं झाल्यावरच मावळला, असं म्हणतात. दोन्ही बाजूंना गोजरानं कडुनिंब लावले, आपल्याच मडक्यांनी त्यांना पाणी घातलं. एका पावसाळ्यात त्यांची सावली गल्लीभर पडली.

समजूत मात्र खरी ठरली. नाल्यापलीकडे चाक पुन्हा तसं फिरलं नाही. ते थोडं डगमगे आणि गोजराचं प्रत्येक भांडं एका अंगाला कलतं होई. तिनं तक्रार केली नाही. चाळीसही घरांनी तिच्याकडून कलते रांजणच घेतले. तहानेल्याकडे वाकल्यासारखे ते दिसत, आणि कुठल्याही उन्हाळ्यात त्यांचा तळ दिसला नाही, असं म्हणतात. कापड झालं, तांडे थांबले, लोहार आले, रंगारी आले. बोरगावची बोरपेठ झाली.

कमान पुढं कधीतरी पडली. कधी पडली ते कोणाला आठवत नाही.

आता बोरपेठेत यंत्रमाग आहेत, चोवीस तास वीज आहे, नदीपलीकडे कारखान्यांची वसाहत उभी राहते आहे. पेज पाजायला आता कोणी सूत ताणत नाही. पण त्या गल्लीत मधोमध चौदा पावलांची जागा आहे. तिथं ना पाटी, ना दगड, ना चौथरा. तरीही तिथं आलं की माणसं चपला हातात घेतात, मोटारसायकलवाले उतरून गाडी ढकलत नेतात, नवी नवरी उजवं पाऊल आधी टाकते. चौदा पावलं झाली की पुन्हा चपला पायांत.

परवा बाहेरगावचे एक कारखानदार जागा बघायला आले होते. उघड्या रस्त्यात सगळ्यांना चपला काढताना पाहून ते थबकले आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला म्हणाले, "काय हो, इथं देऊळ आहे का?"

पानवाला पानाला चुना लावत होता. "नाही साहेब," तो म्हणाला, "गोजराबाईंचं घर आहे. या ना आत. तुम्हांला काय काय लागतंय, ते सांगा."