दणकट प्रतिकारशक्ती

कॅन्सरच्या औषधांनी छोट्या ऋजुताला इतकं पोखरलं होतं, की साधा फ्लूही तिच्या जिवावर बेतला असता. म्हणून तिची आई कुमुदिनी हॉस्पिटलमधल्या तिच्या खोलीच्या दारातच प्रत्येकाला विचारायची, "फ्लूची लस घेतलीत ना?"

बडे डॉक्टर रणदिवे भडकले. "मला विचारता? लस तुम्हा लोकांना! माझी प्रतिकारशक्ती दणकट आहे."

कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या हाती लेक सोपवली, त्यांनीच असं बोलावं? ती दार अडवून उभी राहिली.

"दणकट आहे ना, डॉक्टर? मग त्यातली थोडी माझ्या लेकीला देऊन टाका आणि खुशाल आत या. नाहीतर लस घ्या."

त्या दिवशी ऋजुताला त्यांच्या सहकाऱ्याने तपासलं आणि रणदिवे मुकाट्याने लस घ्यायला गेले.