नत्रोबांनी नेलेली आग

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या सकाळच्या चहाला उकळी यायच्या जरा आधी, गॅसच्या निळ्या ज्योतीत हायड्या नावाचा हायड्रोजनचा एकटा अणू सैरावैरा धावत होता. त्याचा जीव जडला होता ऑक्सीवर. ती म्हणजे पाण्याचाच तुटका तुकडा, एक हायड्रोजन कमी असलेला. हायड्या मिळाला की पूर्ण पाणी होणार!

दोघं भेटली, कडकडून मिठी मारली. पण मिठीतूनच एवढी आग निघाली की फाटकन वेगळी झाली. पुन्हा मिठी, पुन्हा फाटकन.

"अरे, ज्योतीचं टोक आलं," ऑक्सी रडकुंडीला आली. "वर गेलं की दुसरंच कुणीतरी ओढून नेईल मला!"

शेजारून नत्रोबा चालले होते. हवेतले नायट्रोजन ते, कुणात मिसळणं नाही की कुणाशी भांडण नाही. सगळे चिडवायचे, "काय नत्रोबा, आजही बिनकामाचेच का?"

"नत्रोबा, आम्ही मिठीत असताना येऊन धडका," हायड्या ओरडला. "आमची आग तेवढी घेऊन जा!"

"वा रे वा! लग्न तुमचं आणि चटके मला?" नत्रोबा हसले. पण धडकले. सगळी आग अंगावर घेऊन ते भिरभिरत खिडकीबाहेर फेकले गेले. मागे ती दोघं पाण्याची वाफ होऊन निवांत तरंगू लागली.

बाहेर गार वारा होता. तिथले भाऊबंद म्हणाले, "नत्रोबा, जरा ऊब द्या की!"

जन्मात कधी काही धरून न ठेवलेले नत्रोबा अंग चोरून उभे राहिले.

"देतो रे," ते म्हणाले. "थोडा वेळ माझ्यापाशी राहू दे."