दरीतले हलके दगड

लहानथोर सगळ्यांनीच ऐकावी अशी, फार मागच्या काळची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात लोखंडाची खाण होती. तिथला प्रत्येक दगड गोंदाजी पारख्याच्या हातून जाई. जड दगड भट्टीकडे आणि हलका दरीत, असा त्याचा शिरस्ता. त्याचा शब्द राजाही मोडत नसे.

गोंदाजीची लेक येसू डोंगराखालच्या गावात दिली होती. एकदा तो तिला भेटायला गेला, तर नात भिंतीला धरून चालताना दिसली. तिचे गुडघे वाकू लागले होते. गावात घरोघर हेच दुखणे होते. विहिरींचे पाणीच हाडांना बाधत होते आणि दुसरे पाणी जवळपास नव्हते.

परतताना तो दरीच्या वाटेने आला. तिथे धनगरांची पोरे चढावर खुशाल धावत होती. त्याने विचारपूस केली. इथल्या झऱ्याचे पाणी पिऊन आमचे म्हातारेही वाकले होते, असे धनगरांनी सांगितले. पण झऱ्यावर खाणीतल्या दगडांचा ढीग पडला, पाणी त्यातून पाझरू लागले, आणि तेव्हापासून कोणाचे पाय वाकले नाहीत.

गोंदाजीने त्या ढिगातले पोतेभर दगड उचलून येसूच्या गावी नेले. ते सगळे त्यानेच टाकलेले दगड होते.

त्याने ते कुटून भोक पाडलेल्या घागरीत भरले आणि वरून विहिरीचे पाणी ओतले. खाली लाल गढूळ पाणी आले. गावकऱ्यांनी ते तोंडाला लावले नाही. मग त्याने कुटलेला दगड भट्टीत भाजला, धुतला, पुन्हा भरला. आता पाणी नितळ आले आणि गावकरी ते पिऊ लागले.

लोखंड न देणारा दगड भट्टीत गेल्याचे राजाच्या कानावर गेले. त्याने जाब विचारला.

गोंदाजी म्हणाला, "महाराज, लोखंड किती देतोस, एवढंच मी दगडाला जन्मभर विचारलं. आणखी काय देतोस, हे विचारायचं राहिलं."

राजाने एक भट्टी त्याच्या हवाली केली. काही काळाने दगडांचा गुण उतरतो, हेही गोंदाजीला अनुभवाने कळले. मग घरोघर ठरल्या हंगामाला घागरीतला दगड बदलण्याची रीत पडली.

नातीचे पाय मात्र सरळ झाले नाहीत. येसूने बापाला कधी बोल लावला नाही, तरी गोंदाजीच्या मनात ते सलत राहिले. नातीच्या पाठची मुलगी ताठ पावलांनी चालू लागली, त्या दिवशी त्याने दोघींना जवळ घेतले.

एका कामाला उपयोगी नाही म्हणून कशालाही निकामी ठरवू नये, कारण त्याचे खरे काम शोधायला झालेल्या उशिराची झळ भलत्यालाच बसते.