शेवटच्या घराचा प्रश्न

डोंगरपायथ्याच्या एका गावात हैबती नावाचा एक फिरस्ता राहत होता. सुगी उरकली की त्याच्या पायाला भिंगरी लागायची. पाठीवर वळकटी बांधून तो निघायचा तो थेट परमुलखात. शहाणा प्रवासी म्हणून त्याचा लौकिक होता आणि तो खोटाही नव्हता. परक्या गावचं पाणी तो उकळून प्यायचा. वाटेत भेटलेल्याच्या हातचं खायचा नाही. पैसे कधी एका जागी ठेवायचा नाही; थोडे कनवटीला, थोडे वळकटीत, थोडे पागोट्याच्या घडीत.

एक खोड मात्र होती. निघताना कुणी "कुठं निघालास?" असं विचारलं, की संपलं. नाट लागली, अपशकुन झाला म्हणून तो माघारी फिरायचा, वळकटी उतरवायचा, घोटभर पाणी पिऊन घटकाभर बसायचा आणि मगच पुन्हा उंबरा ओलांडायचा. गावातली टवाळ मंडळी मुद्दाम विचारायची आणि तोंड फिरवून हसायची. तसं हे आपल्या सगळ्यांच्याच घरात चालतं. हैबतीचं जरा जास्त होतं, इतकंच.

एका वर्षी त्याचा मेहुणा तुळाजी त्याच्याबरोबर निघाला. हैबतीची धाकटी बहीण, तुळाजीची बायको सरजा वेशीपर्यंत आली. कुठं जाताय, हे काही तिने विचारलं नाही. भावाचा स्वभाव तिला ठाऊक होता. ती एवढंच म्हणाली, "दादा, ह्यांनी कधी गाव सोडलं न्हाई. नीट माघारी आण."

"आणतो," हैबती म्हणाला.

चालत चालत दोघं दूरच्या एका बर्फाळ मुलखात पोचले. पुढे मोठी खिंड होती. खिंडीखालच्या वस्तीतल्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहत होती. दाराशी दगडी कुंपण, आणि कुंपणावर सुटे गोटे मांडलेले. तिने दोघांना गरम पाणी दिलं आणि ते वळकट्या उचलायला लागताच मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "कुठे निघालात? वरच्या वाटेने की नदीकाठाने?"

हैबतीच्या कपाळावर आठी चढली. ऐन पाऊल उचलताना नाट, आणि माघारी फिरायला इथे आपला उंबराही नाही! तुळाजी भाबडेपणाने वर बोट करणार, तोच हैबतीने त्याचा हात दाबला.

"नदीकाठाने," तो म्हणाला.

म्हातारीने दोन गोटे उचलले आणि कुंपणाच्या खालच्या, नदीकडच्या टोकाला ठेवले. हैबतीने ते पाहिलं, पण हे कशासाठी, असं विचारलं नाही.

"हैबतराव, खरं सांगायला काय हरकत होती?" वळणापलीकडे गेल्यावर तुळाजीने विचारलं.

"पाव्हणं, परक्याला आपली वाट सांगायची नसती. चला गुमान." आणि दोघं वरच्या वाटेला लागले.

संध्याकाळी बर्फ पडू लागलं. एका कड्याशी तुळाजीचा पाय घसरला आणि नडगी मोडली. हैबतीने त्याला ओढत एका कपारीत नेलं. दोघांनी एकमेकांना बिलगून रात्र काढली. सकाळी तुळाजीचे ओठ निळे पडले होते.

दुपारी आभाळ जरा फाटलं आणि खाली दरी दिसली. नदीकाठाने माणसांची एक रांग चालली होती. हातात लांब काठ्या होत्या. ते पाण्यात काठ्या खुपसून बघत होते, खडकांमागे डोकावत होते, तोंडाशी हात धरून हाका मारत होते. हैबतीला आधी वाटलं, मासे धरत असतील. मग त्याला कुंपणावरचे दोन गोटे आठवले.

"आपल्यालाच हुडकत्यात," तुळाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हैबतीला फार लागलं.

हैबती घसा फुटेस्तोवर ओरडला. वारा उलटा होता. रांग नदीच्या वळणाआड निघून गेली.

तेव्हा त्याने स्वतःचं घोंगडंही तुळाजीवर घातलं आणि पडत-झडत खाली धावला. शेवटच्या घराशी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. माणसं नुकतीच परतली होती, गुडघ्यांपर्यंत भिजलेली, थंडीने काकडलेली. त्याचं बोलणं कळताच त्यांच्यातलं कुणी खाली बसलं नाही. तशाच ओल्या कपड्यांनी ती खिंडीकडे धावली. पहाटे त्यांनी तुळाजीला घोंगड्यात घालून आणलं. त्याचं अंग केव्हाच गार पडलं होतं.

म्हातारीने हैबतीला शिव्या दिल्या नाहीत. कुंपणाच्या खालच्या टोकाचे दोन्ही गोटे तिने उचलले. ती म्हणाली, "पलीकडच्या गावात माणसं पोचली की तिथले लोक धूर करतात. तुमचा धूर दिसला नाही. मी तुम्हाला अडवायला विचारलं नव्हतं, बाबा. शोधायला कुठे यायचं, ते कळावं म्हणून विचारलं होतं."

हैबती एकटाच गावी परतला. सरजा दारात धान्य पाखडत होती. तिने भावाकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. सूप तिच्या हातातच राहिलं.

"दादा, हे कुठं हायेत?"

जन्मभर जो प्रश्न त्याने टाळला, तोच आता उंबऱ्यात उभा होता. पाणी पिऊन, घटकाभर बसून तो परतवता येण्यासारखा नव्हता.

हैबती पुन्हा कधी गावाबाहेर पडला नाही. कुणी प्रवासाला निघालं की तो वेशीवर आडवा यायचा आणि विचारायचा, "कुठं निघालास?" लोक चिडायचे. "लावलीस का नाट?" म्हणून वसकन अंगावर यायचे.

"लागू दे," तो म्हणायचा. "पण वाट खरी सांगून जा."

तात्पर्य: परमुलखात आपली चीजवस्तू झाकून ठेवावी, पण आपली वाट झाकू नये, निदान एका भल्या माणसाला ती खरी सांगून निघावं, कारण जी वाट कुणालाच ठाऊक नसते, तिच्यावर मदतीला कुणी येत नाही.